पाळन्याला माजा हात

"तुम्ही नको, विहीणबाई. तुम्ही आत जाऊन घुगऱ्यांचं बघा."

इहीन माजं मनगट धरून म्हनली. सगळ्या बायांसमोर. माजा हात पाळन्यापाशी पोचला व्हता. दोरीला लागला बी नव्हता.

नातीचं बारसं व्हतं. परदेशात, क्वीन्सटाउनला, लेकीच्या फ्लॅटमधी, अकराव्या मजल्यावर. बाराव्या दिवशी जमलं न्हाई, सगळ्यांची हापिसं, म्हनून रविवार धरलेला. सोफा भिंतीला सारून मधी पाळना ठेवला व्हता. भाड्याचा, लिटिल इंडियातनं, इथल्या आपल्या लोकांच्या बाजारातनं आनलेला. माळा प्लास्टिकच्या. खाली चटयांवर बाया बसलेल्या. पुन्या-मुंबईच्या, सगळ्या शिकलेल्या. कुनी ब्यांकेत, कुनी कॉम्प्युटरवर. एवढ्या उकाड्यात पैठन्या नेसून आलेल्या.

मला वाटलं, खरंच घुगऱ्यांचं इचारती. मी म्हनलं, "घुगऱ्या झाल्यात. मीठ बी बघितलं."

तिनं मनगट सोडलं न्हाई. हसत व्हती. बाया बघत व्हत्या ना, म्हनून हसत व्हती. मंग शेजारच्या बाईकडं तोंड करून बोलली. हळूच. पन हळू बोलन्याची बी एक तऱ्हा असती. सगळ्यांना ऐकू जाईल असं हळू.

"स्वतःची तीन घालवलीत हिनं. आमच्या नातीला नको बाई हिचा हात."

मी आत गेले.

हे आधीच सांगते, म्हंजे पुढं कुनी मला वाघीन-बिघीन समजायला नगं. मी गेले. मनगट सोडवलं, पदर सारखा केला आन् सैपाकघरात गेले. आत जा म्हनलं की माजे पाय आपोआप वळत्यात. जन्मभर वळलेत. सत्तरी उलटली, पायांना अजून कळलं न्हाई.

ही इहीन म्हंजे जावयाची आई. पुन्याची. मोठ्या ब्यांकेत साहेबीन व्हती, आता रिटायर. बोलायला साखर. लग्नात येईल त्याला सांगत व्हती, "आम्ही जातपात मानत नाही हो. सून आमची अगदी खालून वर आलेली आहे." मी तिच्या शेजारीच उभी. खालून म्हंजे कुठनं, ते लोक माज्याकडं बघून समजून घेत व्हते. इथं आली तवा पयल्याच दिवशी मला म्हनली, "विधवा-बिधवा आमच्यात काही नाही. तुम्ही खुशाल कुंकू लावा, विहीणबाई." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

पयलं बाळंतपन आईनं करायचं, माहेरी. आपली रीत. पन लेकीची नोकरी इथली, डाक्टर इथला. मंग माहेरच इमानात बसून आलं. म्हंजे मी आले. सकाळी पोरीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, लेकीचं अंग चोळायचं, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू. एकदा धुरी द्यायला निखारा केला तर जावई पळत आला, "आई, आई, अलार्म वाजेल, फायर ब्रिगेड येईल!" मंग धुरी बंद. बाकी सगळं माज्या हातानं. इहीन पुन्याहून यायच्या आधी पोर दिवसभर माज्याच हातात. तवा माजा हात चालत व्हता.

तीन गेली हे तिला कसं कळलं? मीच सांगितलं. तिला न्हाई. नर्सला.

बारशाच्या आधी पोरीला पॉलिक्लिनिकला नेलं व्हतं. इथला सरकारी दवाखाना. मी, लेक आन् इहीन. पोर जरा पिवळी दिसत व्हती. आत एक नर्स, मलय बाई, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. पोरीला उलटी केली, सुलटी केली, डोळे बघितले. मंग लेकीला इंग्रजीत एकेक इचारायला लागली. लेक पटापट सांगत व्हती. एका ठिकानी म्हनली, "ओन्ली मी."

मला इंग्रजी येत न्हाई. पन ओन्ली कळतं.

मी इचारलं, "काय म्हनली गं ती?"

"काही नाही. घरात लहानपणी कोणी गेलं होतं का, तुला किती मुलं, असंच."

"मंग ओन्ली कशाला म्हनलीस?"

"आई, घरी गेल्यावर बोलू."

मला काय सुचंना. दवाखान्यात खोटं सांगत्यात व्हय? पोर पिवळी पडलेली. रक्तातलं काय असलं तर? उद्या हिला काय झालं तर? मला बसवंना. मी उठले, नर्सपुढं हात धरला. चार बोटं दाखवली. मंग एकेक करून तीन मिटली.

नर्सला कळलं. तिनं पेन खाली ठेवलं. लेकीला काय तरी इचारलं. लेकीचा चेहरा लाल झाला व्हता. मान खाली घालून मला म्हनली, "आई, ती विचारतेय, कशानं गेली?"

कशानं.

मला जन्मात पयल्यांदा कुनी हे इचारलं. काय केलंस गं बाई, म्हनून इचारनारे लई भेटले. कशानं गेली, असं कुनी न्हाई इचारलं. सासूनं न्हाई, डाक्टरनं न्हाई, नवऱ्यानं बी न्हाई.

"पान्यानं," मी म्हनलं.

आमची वस्ती नाल्याकडंला. गिरन्यांचं शहर, वरच्या अंगाला पक्की घरं, खालच्या अंगाला आमी. आमची जात कुनाला सांगायची गरज पडत नव्हती. वस्तीचं नाव सांगितलं की समोरचा दोन पावलं मागं सरायचा. नळ एकच, तो वरच्या आळीच्या तोंडाला. आधी वरच्या आळीनं भरायचं, मंग आमी. त्यांचं भरून व्हायचं तवा नळाचं पानी बी सरायचं. सूं सूं वारा यायचा त्याच्यातनं. एखाद्या दिवशी नशिबानं आमची घागर लागलीच, तर आमच्यामागनं वरची एक बाई यायची आन् नळ धुवायची. राखंनं घासून. म्हंजे आमच्या घागरीला पानी न्हाई, आन् आमचा हात लागला म्हनून नळ धुवायला पानी हाय.

मंग आमी नाल्याच्या काठाला झिरा खांदायचो. वाटीवाटीनं पानी भरायचो. फडक्यानं गाळायचो. दिसायला नितळ दिसायचं. तेच वाईट. घान दिसली असती तर पाजलं नसतं.

थोरला मिलिंद. नुकता बसायला लागला व्हता. बसवला की टाळ्या वाजवायचा. पावसाळ्यात हगवन लागली. ओकाऱ्या. टाळू खोल गेली, डोळे आत गेले. दवाखान्यात नेला तर कंपौंडर लांबनंच म्हनला, "आले का नाल्यावरचे? तुमचं दर पावसाळ्याचं आहे." लाल औषध दिलं. पान्यातनं पाजा म्हनला. कुठल्या पान्यातनं, ते सांगितलं न्हाई. दुपारी माज्याकडं बघत व्हता. सांजच्याला डोळे उघडे व्हते, पन बघत नव्हता.

त्याच्या बारशाला आमी बी वरवंट्याला कुंची घालून पाळन्यात ठेवला व्हता. लेकरू दगडासारखं टिकावं म्हनून ठेवत्यात. दगड टिकला. त्याच्यावर मी पुढं कैक वर्सं चटनी वाटली.

मंग रमा. दारापातूर चालत जायची, उंबरा आला की बसायची. तीबी तशीच गेली, तसल्याच पावसात.

रमा गेली त्या सालातच सरकारची एक बाई आली वस्तीत. नाकाला पदर. आमाला सगळ्यांना एका जागी बसवलं आन् चित्रं दाखवली. चित्रात एक आई, गोरी, नळाखाली हात धुतेय. बाई म्हनली, "तुम्ही हात धुत नाही, घाण राहता, म्हणून तुमची मुलं मरतात." आमी चित्राकडं बघत बसलो. आईकडं न्हाई, नळाकडं. माज्या शेजारची सोनाबाई म्हातारी, लई तोंडाळ. ती म्हनली, "बाई, ह्यो चित्रातला नळ तेवढा फाडून द्या. आमी भिताडाला लावतो."

समद्या हसल्या. मी बी हसले. रमा जाऊन महिना झाला नव्हता आन् मी हसले. बाईनं चित्र गुंडाळलं. "म्हणूनच तुम्ही सुधारणार नाही," म्हनली आन् गेली.

तिसरं बारशाच्या आतच गेलं. त्याची घुटी त्याच पान्यात उगाळली व्हती. मुलगा व्हता. त्याला नावच न्हाई.

सासू म्हनली, "तीन खाल्लीस. तुजा हातच तसला."

आन् मला ते खरं वाटलं. हे कुनाला सांगितलं न्हाई मी आजवर. मला ते खरं वाटलं. सासू खाल्लीस म्हनायची, ही शिकलेली म्हनून घालवलीत म्हनली, बोलनं एकच. मी माज्या हाताकडं बघायची. भाकरी थापतानी बघायची. वस्तीत कुनी बाळंत झाली तर मी उंबऱ्यात बसायची, आत जायची न्हाई. बाळ बघू दे म्हनायची न्हाई. एखादीनं दिलंच मांडीवर, तर मी हात मागं घ्यायची. चौथी ही लेक झाली, तिला बी कैक दिवस जावेकडनं न्हाऊ घातलं. तिला भरवतानी माजे हात कापायचे. ती जगली. मी समजले, देवाला दया आली.

तर नर्सनं हे सगळं ऐकलं. म्हंजे लेकीनं थोडंच सांगितलं असंल, तिला तरी कुठं माहीत व्हतं. पन पानी म्हनलेलं नर्सला पोचलं. तिनं माज्या हातावर हात ठेवला आन् काय तरी बोलली. सरळ, जसं भाजीचा भाव सांगावा तसं. लेकीनं मला मराठीत सांगितलं, "आई, ती म्हणतेय तिच्या आजीचीही दोन गेली होती. तेव्हा इथं हे फ्लॅट नव्हते, कम्पाँग होते. लाकडी घरांच्या वाड्या. विहिरीचं पाणी, उघडी गटारं. मग सरकारनं फ्लॅट बांधले, घरात नळ आला. त्यानंतरची सगळी जगली म्हणे."

मी म्हनलं, "तिच्या आजीनं पुढं काय येगळं केलं?"

लेकीनं इचारलं. नर्सनं मान हलवली.

"काही नाही म्हणतेय. आजी तीच. नळ आला."

मी तिथंच बसले. इहीन शेजारी, लेक शेजारी, पोर लेकीच्या मांडीवर झोपलेली. माज्या डोक्यात सगळं फिरायला लागलं. आजी तीच. हात तेच. पानी बदललं.

आन् मंग मला आठवलं. माजी ही लेक पोटात असतानी इलेक्शन आलं व्हतं. मतं पायजे व्हती म्हनून वस्तीत नळ दिला. आमच्या आळीत, आमचा नळ. ती झाली तवा नळ सुरू व्हता. मी तिला झिऱ्याचं पाजलंच न्हाई कवा.

एवढी वर्सं हे माज्या डोक्यात आलं न्हाई. देवाची दया, देवाची दया करत बसले. आन् तो नळ व्हता.

नर्सनं लेकीला सांगितलं, पोरीची कावीळ साधी हाय, रक्तातलं कायबी न्हाई, काळजीचं कारन न्हाई. आमी निघालो. MRT मधी, इथल्या रेल्वेत, जागा व्हती. इहीन नेहमी माज्या शेजारी बसायची, इंग्रजी पाट्या वाचून दाखवायची. त्या दिवशी पलीकडं जाऊन बसली. घरी आल्यापासनं पोर माज्या हातात येईना. "द्या मी घेते, तुम्ही दमला असाल." "राहू द्या, मी घालते आंघोळ, तुम्ही पडा जरा." मी म्हनलं, बाई आजी हाय, हौस असंल तिला.

हौस नव्हती ती. ते मनगट धरल्यावर कळलं.

तर मी सैपाकघरात उभी. घुगऱ्या पातेल्यात. पुन्हा ढवळल्या, उगंच. ओटा पुसला. परत पुसला. हॉलमधनं बायांचं बोलनं ऐकू येत व्हतं. आत्याची वाट बघत थांबल्या व्हत्या. आत्यानं कानात नाव सांगितल्याबिगर बारसं व्हत न्हाई. जावयाची बहीन लांब, शहराच्या टोकाला, तुआसला कंपनीत हाय, रविवार असून तिला काम निघालं, वाटेत व्हती.

दारातनं पाळना दिसत व्हता. इथं वरवंटा कुठनं आनायचा, म्हनून शेजारच्या मलय बाईकडनं तिच्या खलातला दगडी बत्ता मागून आनला व्हता. मीच आनला, मीच धुतला, मीच त्याला कुंची शिवली. बत्ता ऐटीत पडला व्हता पाळन्यात. एका बाईची पोरगी, शाळेतली, वाकून बघत इथल्या इंग्रजीत म्हनली, "मम्मी, व्हाय गॉट स्टोन? बेबीला लागेल! सो डेंजरस लाह!"

"लकी असतं ते बाळा," तिची आई म्हनली.

दगड लकी. आन् मी सैपाकघरात.

माज्या अंगात काय तरी सुरू झालं. राग म्हनावा तर राग न्हाई. भीती म्हनावी तर तीबी न्हाई. उभं ऱ्हावंना, बसवंना. मला वाटलं, आता मी हितं उभी ऱ्हायले तर ही तीन लेकरं माजीच चूक व्हऊन बसतील. कायमची. माज्या लेकीच्या घरात, माज्या नातीच्या घरात, हेच चालनार. तुज्या आजीचा हात वाईट. पोर मोठी व्हईल, तिला बी हेच ऐकू जाईल, हळूच.

दारावरची बेल वाजली. आत्या आली. हॉलमधी गडबड सुरू झाली, चला चला, उभ्या ऱ्हावा.

मी हात पुसले आन् बाहेर गेले.

बाया पाळन्याच्या दोन्ही अंगाला उभ्या. पोर लेकीच्या हातात. एकीनं वरनं द्यायचं, दुसरीनं खालनं घ्यायचं, अशी रीत. द्यायची जागा आईच्या आईची. तिथं इहीन उभी व्हती.

"थांबा," मी म्हनलं.

इहीन म्हनली, "विहीणबाई, मी सांगितलं ना तुम्हाला—"

"सांगितलं. मी आत बी गेले. आता बाहेर आले."

मागं कुनीतरी हसलं. चुकून हसलं असंल. 

मी म्हनलं, "माजी तीन गेली, खरं हाय. थोरला मिलिंद. त्याच्यामागं रमा. तिसऱ्याचं नाव ठेवायचं ऱ्हायलं. मी घालवली न्हाईत. वस्तीत पानी नव्हतं. वरच्या आळीनं नळ धरून ठेवला आन् सरकार बघत बसलं. आमी नाल्याचं पाजलं. त्यानं गेली. ज्यांनी नळ धरला, त्यांच्या बी नाती झाल्या असतील. त्यांची बारशी झाली असतील. त्यांना कुनी म्हनलं न्हाई, पाळन्याला हात लावू नका."

"म्हणजे आम्ही मारली की काय तुमची मुलं?" इहिनीचा आवाज चढला. "आमचा काय संबंध?"

"न्हाई ना संबंध? मंग माज्या हाताशी बी तुमचा संबंध न्हाई."

एक बाई मधी आली. ब्यांकेतली, चांगली असती तशी, मला रोज खाली भेटती. "काकू, आज चांगला दिवस आहे हो. आज नको ना हा विषय."

"चांगल्या दिवशीच मला आत पाठवली, बाई."

लेक म्हनली, "आई, बस कर."

मला ते लागलं. इहिनीचं लागलं त्याच्यापेक्षा लागलं. पन मी हलले न्हाई. पाळन्याची दोरी धरली. "पोर मी देनार," मी म्हनलं. "अडवायचं असंल तर परत मनगट धरा. आता मी आत जानार न्हाई."

कुनी धरलं न्हाई. इहीन जावयाकडं बघत व्हती. जावई फोनमधी बघत व्हता. फोन बंद व्हता त्याचा, मला दिसत व्हतं. लेक पोरीला छातीशी धरून उभी.  पोर कुरकुरली. मंग लेकीनं तिला माज्या हातात दिली. माज्याकडं न बघता दिली.

मी पोर वरनं दिली. समोरच्या अंगाला ब्यांकेतली व्हती. ती एक घडी थांबली, मंग वाकून घेतली. माजे हात कापले न्हाईत. मी बघितलं हाताकडं. कापले न्हाईत.

आत्यानं कानात नाव सांगितलं. बायांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, आत्या ओरडली, पोरं हसली. घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. इहीन आतल्या खोलीत गेली आन् दार लावून घेतलं.

लोकं गेल्यावर जावई माज्यापुढं येऊन बसला. वाईट न्हाई तो. मऊ हाय.

"आई, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाहीये. पण लोकांसमोर झालं ना सगळं. माझी आई सकाळपासून जेवली नाही. तुम्ही एकदा फक्त सॉरी म्हणा. वयानं मोठी आहे ती."

"माज्यापेक्षा लहान हाय."

"हो, पण म्हणजे... मनाला लागलंय तिच्या."

"माजं मनगट तिनं लोकांसमोर धरलं. मी बी लोकांसमोर बोलले. तिनं लोकांसमोर सॉरी म्हनलं तर मी बी इचार करीन."

तो उठून गेला. मंग लेक आली. पोर झोपली व्हती. लेक माज्याजवळ बसली न्हाई, उभीच ऱ्हायली.

"तू कशाला सांगितलंस नर्सला? मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यालासुद्धा नाही. मी सगळ्यांना सांगितलंय, मी एकटीच आहे."

"तू एकटी झाली न्हाईस. एकटी उरलीस."

"आई, मी किती कष्टानं बाहेर आले त्या सगळ्यातून. ती वस्ती, तो नाला. मला नको ते परत. प्लीज. माझ्यासाठी एकदा सॉरी म्हण."

लहान असतानी ती असंच तोंड करायची, पाटी फुटली की. माजा जीव तिळतिळ तुटला. म्हनून टाकावं वाटलं. एक शब्द. काय जातं? जन्मभर कितीतरी लोकांना म्हनले, चूक नसतानी. कामावरच्या बायांना म्हनले, दवाखान्यात म्हनले, नळावर म्हनले.

मी म्हनलं, "तुज्यासाठीच म्हननार न्हाई. मी सॉरी म्हनलं तर मीच मारली असं ठरंल. मंग तू कुनाची लेक? तीन मारनारीची. आन् ही पोर कुनाची नात?"

लेक रडली. मी न्हाई रडले. तिला जवळ घ्यावं वाटलं, पन ती मागं सरली.

त्याला दोन दिवस झाले. लेक कामापुरतं बोलती. "दूध झालं का?" "टॉवेल कुठंय?" जावई काल म्हनला, "आई, तुम्हाला लवकर जायचं असेल तर तिकीट आधीचं करून देतो." लई पिरमानं म्हनला. मी समजले. सकाळपासनं बिल्डिंगखाली मोकळ्या जागेत फेऱ्या मारते हाय. चिनी म्हाताऱ्या बाकावर बसल्यात, मला बसा बसा म्हनत्यात हातानं. मला बसवत न्हाई.

फेऱ्या मारून मारून माजं ठरलं. तिकीट बदलायचं न्हाई. सव्वा महिना माज्या लेकीचं बाळंतपन हाय, ते मी पुरं करनार. लेक बोलू दे न्हाईतर न बोलू दे. उद्यापासनं सकाळी पोरीला मीच तेल लावनार, मीच न्हाऊ घालनार. इहीनबाईंना बघवत नसंल तर त्यांनी आत जावं, सैपाकघर मोकळं हाय. मला कुनी हाताला धरून बाहेर काढलं तर निघंन, पन माज्या पायानं न्हाई.

माफी मागनार न्हाई. लेकीनं मागितली तरी न्हाई.

आन् पोरीला शब्द कळायला लागले की मी तिला सांगनार. इथं असले तर इथं, तिकडं असले तर फोनवरनं. तुला दोन मामा व्हते, एक मावशी व्हती. एका मामाला नाव न्हाई. कशानं गेली ते सांगनार. नळ कुनी धरला व्हता ते सांगनार. तिच्या आईला आवडलं न्हाई तरी सांगनार. मला हे इचारायला एक परक्या देशातली नर्स भेटली, तीबी म्हातारपनी. आता कुनी इचारंल म्हनून मी वाट बघत बसनार न्हाई.